अकराव्या ओळीतली जागा

साहेबांच्या कोटाच्या उजव्या खिशात एक लोखंडी बोल्ट असे. अंगठ्याएवढा जाड, आटे झिजलेला, सतत हाताळून काळा गुळगुळीत झालेला. चिंचवडच्या उन्हाळ्यातही ते कोट घालत, आणि माझी समजूत आहे की तो केवळ या खिशासाठी. बोलता बोलता त्यांचा हात एकाएकी खिशात जाई, बोलणं थांबे, ओठ मिटले जात. मग काहीच झालं नाही अशा आवाजात ते पुढं सुरू करत. पहिले दोन महिने मला वाटत होतं की त्या खिशात पिस्तूल आहे.

त्यांच्याबद्दल लिहावं की लिहू नये, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. ते कवी होते. इंग्रजीत लिहीत, आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावच्या बोलीतही लिहीत. कवितेतलं मला फारसं कळतं असं नाही. पण त्यांच्या शेवटच्या पुस्तकात माझ्या हातून एक गोष्ट झाली, आणि ती सांगायची तर आधी माणूस सांगायला हवा.

आमचं गाव चिंचवडपासून सायकलनं पाऊण तासावर, चाकणच्या वाटेला. कांदा चाकणला जायचा आणि मी पुण्याला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. माझा थोरला भाऊ चौथीतून शाळा सोडून वडलांच्या हाताखाली गेला, म्हणून मला पुढं शिकता आलं. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. इंग्रजीत नापास झालो तर परत यायचं, हेही कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण पहिल्या सहामाहीत मी इंग्रजीत नापास झालो होतो, आणि ते मी घरी सांगितलं नव्हतं.

चिंचवड स्टेशनच्या मास्तरांनी मला साहेबांकडं पाठवलं. साहेबांची नजर जात चालली होती. त्यांना कुणीतरी वाचून दाखवणारं हवं होतं. मास्तरांनी माझ्या हातात रोज पुस्तक पाहिलेलं, तेवढ्यावरून त्यांनी माझं नाव सुचवलं. साहेबांनी पहिल्या दिवशी माझ्यापुढं इंग्रजी वर्तमानपत्र टाकलं. मी वाचू लागलो. एका परिच्छेदातच माझ्या पाठीवरून घामाची धार उतरली. साहेब ऐकत होते, डोळे मिटून. शेवटी म्हणाले की तू वाचतोस ते एखादा माणूस पुरात पाय टाकतो तसं. उद्या ये.

असं ठरलं. पुण्याहून परतताना गाडीतून उतरल्यावर रोज दुपारी तासभर मी त्यांना वाचून दाखवायचं, त्यांनी माझं इंग्रजी सुधारायचं.

लोक बंगला म्हणत, पण बंगला कसला, स्टेशनमागचं तीन खोल्यांचं दगडी घर. साहेब पूर्वी देहूरोडकडच्या लष्करी डेपोत यंत्रांचे फोरमन होते. त्यांचं मराठी तिथल्या कामगारांकडून आलेलं. इंग्रजीत ते मोजून मापून बोलत, आणि मराठीत एकदम 'काय रं' म्हणत. त्यांच्याकडं स्वयंपाकाला साळूबाई होत्या, चिंचवड गावातल्याच, वयस्क. त्यांना साहेबांची माया होती आणि भीतीही होती. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं.

"त्याच्या खिशात काय हाय ते इचारू नगंस. आन् शीळ तर बिलकूल घालू नगंस."

शिळेचं मला नंतर कळलं. एक दूधवाला फाटकातून शीळ घालत आला, तर साहेब काठी घेऊन अनवाणी धावले होते. तो किटली टाकून पळाला. साळूबाईंच्या सांगण्याप्रमाणं साहेब नंतर दिवसभर व्हरांड्यात उभे राहून आभाळाकडं बघत होते. वारा उठतो का, हे बघत होते. शिळेनं वारा उठतो, असं त्यांच्या गावचे कोळी मानत.

साळूबाईंची आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्या दर पंधरा दिवसांनी सांगत. स्वातंत्र्यानंतर डेपोतले सगळे गोरे परत गेले. साहेबांनाही हारतुरे झाले, ट्रंक बांधली, मुंबईला बोटीवर गेले. साळूबाईंनी घर झाडून कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर साहेब ट्रंकेवर बसलेले, दारात.

"म्या म्हणलं बोट बुडाली आन् ह्याचं भूत आलं. तर म्हणतो कसा, साळूबाय, चा कर."

बंदरात धक्क्यावर ते ट्रंकेवर बसले होते म्हणे. बोट सुटेपर्यंत बसले आणि उठून पुण्याच्या गाडीत बसले. समुद्र त्यांच्यानं पुन्हा ओलांडवला नाही. विमानाचं मी एकदा भीत भीत सुचवलं. ते म्हणाले, वरून गेलं तरी खाली तोच असतो.

कविता मात्र समुद्र ओलांडत. इंग्रजी कविता ते टाइपरायटरवर, खुर्चीत ताठ बसून लिहीत. तरुणपणी त्यांचं इंग्रजी कवितांचं एक पातळ पुस्तक लंडनला निघालं होतं आणि कुठल्याशा मोठ्या साप्ताहिकानं त्याची स्तुती केली होती. ते कात्रण कुठं गेलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोलीतल्या कविता ते उभ्यानं लिहीत, पेन्सिलीनं, खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या नकाशांचे पाठकोरे कागद ठेवून. त्या त्यांच्या जिल्ह्याच्या छोट्या पत्रात छापून येत, मासळीच्या भावांच्या शेजारी. ती कात्रणं सगळी होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तारीखवार.

डब्यातली एक कविता मी वाचायला घेतली तर निम्मे शब्द अनोळखी. मी शब्दकोश उघडून शोधू लागलो. साहेब हसले. त्यांचं हसणं क्वचित, आणि खोकल्यासारखं. म्हणाले, त्या पुस्तकात माझं गाव नाही, शोधू नकोस. दोन्हीत फरक काय, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की मला काय वाटतं ते मी इंग्रजीत लिहितो, आणि मला कशाची भीती वाटते ते बोलीत लिहितो.

मला हे आवडलं होतं, पण समजलं नव्हतं. समजलं ते एका संध्याकाळी.

त्या दिवशी वाचन लांबलं. दिवेलागण झाली होती. साळूबाई आत कंदिलाची काच पुसत होत्या. साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत, पाय अनवाणी, जमिनीवर. मी समोर स्टुलावर. पान उलटायला मान खाली घातली तेव्हा मला ते दिसलं. खुर्चीच्या मागच्या पायाजवळून येत होतं, सावकाश, साहेबांच्या टाचेकडं.

माझं सगळं इंग्रजी गेलं. एक शब्द राहिला नाही. आणि मराठीत जो शब्द तोंडात आला तोही मी गिळला, कारण आमच्या घरी दिवे लागल्यावर त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते आपलं समजून येतं. माझी आई अंधार पडल्यावर कधीच म्हणायची नाही.

"साहेब," मी म्हणालो, "लांबडं."

मला वाटलं, त्यांना काय कळणार. ते विचारतील, काय म्हणालास, आणि पाय हलवतील. पण ते हलले नाहीत. मला वाटतं त्यांनी श्वासही घेतला नाही. फक्त उजवा हात, जो आधीच कोटाजवळ होता, तो खिशात सरकला. ते जनावर त्यांच्या टाचेला लागून गेलं, उंबऱ्यापाशी थबकलं, आणि पायरी उतरून मेंदीच्या कुंपणात शिरलं. किती वेळ गेला कोण जाणे. आतून साळूबाईंनी विचारलं की पोरा, वाचायचं का थांबलास.

मग साहेबांनी मला विचारलं की खरं नाव का नाही घेतलंस. मी सांगितलं. चुकतमाकत, निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. आमच्याकडं दिवा विझला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत. दोन्हीला वाढवली-वाढवला म्हणतात, हेही सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या पाळण्याखाली आईनं विळा ठेवला होता, तेही का कोण जाणे सांगून टाकलं. विळा का, असं त्यांनी विचारलं. लोखंड असतं ना, मी म्हणालो. लोखंडाला ती बाहेरची घाबरतात.

साहेब माझ्याकडं ज्या तऱ्हेनं बघत राहिले ते मला विसरता येत नाही. त्यांना माझा चेहरा दिसत नसणार तेव्हा. त्यांनी खिशातून तो बोल्ट काढला आणि माझ्या हातावर ठेवला. उबदार होता.

त्यांच्या गावी समुद्रावर काही शब्द बोलायचे नसत. त्यात एका साध्या जनावराचं नाव होतं. चुकून कुणी बोललंच तर होडीतल्या प्रत्येकानं चटकन लोखंडाला हात लावायचा. साहेब नऊ वर्षांचे असताना वडील आणि थोरल्या भावाबरोबर पहिल्यांदा होडीवर गेले. भाऊ त्यांना चिडवत होता, ओकारी येते म्हणून. साहेबांना राग आला आणि ते तो शब्द बोलले. चुकून नाही, ठरवून, मोठ्यानं. वडलांनी झटक्यात गळाच्या कडीला हात लावला. भाऊ हसला. त्यानं हात लावला नाही.

समुद्र शांत होता, असं साहेब दोनदा म्हणाले. दुपारी गळाची दोरी पाण्यात सुटत असताना तिचा वेढा भावाच्या पायाला बसला. त्याची हाकही ऐकू आली नाही. घरी कुणीही साहेबांना काही बोललं नाही, आईसुद्धा नाही. कुणी बोललं असतं तर मी कवी झालो नसतो, असं ते म्हणाले.

त्या दिवसानंतर मी त्यांना पिस्तुलासाठी भ्यालो नाही. दुसऱ्या कारणानं भिऊ लागलो. कारण मला ते सगळं खरं वाटलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी बोलीतल्या कवितांचं पुस्तक करायचं ठरवलं. त्यांच्या शाळेतला एक सोबती जिल्ह्याच्या गावी छापखाना चालवत होता, तोही म्हातारा. त्यानं लिहिलं होतं की सगळं पाठव, मी आणि तू असेपर्यंत छापतो. डब्यातल्या कविता मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या. एकच राहिली होती, होडीची. ती साहेबांनी कधी कागदावर आणली नव्हती. साठ वर्षं डोक्यात होती. ती नसेल तर बाकीच्या सगळ्या खोट्या आहेत, असं ते म्हणत. आणि त्या कवितेत तो शब्द होता. तो काढून ती होतच नव्हती.

एका दुपारी त्यांनी साळूबाईंना बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि मला सांगायला सुरुवात केली. वीस ओळी. अकराव्या ओळीपाशी थांबले. शब्दकोश मागितला, पहिलं अक्षर सांगून ते पान मला उघडायला लावलं, भिंग लावून शोधत शोधत एका जागी बोट ठेवलं. तोंडानं म्हणाले नाहीत.

"हा तिथं लिही," ते म्हणाले. "तू समुद्रावरचा नाहीस. तुला काही होणार नाही."

मी पाहिलं. अगदी साधं जनावर. आमच्या गावच्या कडेलाही असतं. मला हसू यायला हवं होतं.

पण त्या दिवसांत आमच्या मळ्यात विहीर खोदणं चाललं होतं. सुरुंग उडाले की माझा थोरला भाऊ दोरावरून खाली उतरायचा, पहारीनं दगड सुटे करायला. वर दोर धरायला वडील. चाळीस हात खोल गेले होते आणि पाणी लागलं नव्हतं. मी पेन टेकवलं, आणि मला दोर दिसला. दोर, आणि त्याचा वेढा, आणि भावाचा पाय.

मी पेन उचललं. थोडी जागा सोडली आणि पुढची ओळ लिहायला तयार झालो.

"लिहिलास?"

"लिहिला, साहेब."

त्यांनी बोल्टावरची मूठ सैल केली. बोटांची पेरं पांढरी झाली होती. उरलेल्या नऊ ओळी त्यांनी इतक्या हलक्या आवाजात सांगितल्या की मला पुढं सरकून बसावं लागलं. शेवटी त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं नाही, ही त्या दिवशी मला देवाची कृपा वाटली. चिंचवडच्या पोस्टातून पुडकं मीच रवाना केलं. समुद्रमार्गे.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते सांगता येत नाही. पुस्तक येईल, आणि त्यात भोक असेल. साहेबांची दृष्टी फेब्रुवारीत पूर्ण गेली. मला त्याचं दुःख व्हायला हवं होतं. झालंही. पण त्याच्या आधी जे झालं ते असं की सुटलो. आता त्यांना पान दिसणार नाही. हे मी लिहितो आहे कारण खोटं लिहून उपयोग नाही.

मार्चमध्ये छापखान्याच्या सोबत्याचं पत्र आलं. साहेबांची पत्रं मीच वाचून दाखवत असे. हवापाणी, गुडघेदुखी, कागदाची टंचाई. आणि मग ओळ आली की शेवटच्या कवितेत अकराव्या ओळीत जागा रिकामी आहे, हे मुद्दाम केलंस की राहून गेलं. काही कळवलं नाहीस तर तशीच ठेवतो. मी ती ओळ डोळ्यांनी वाचली आणि तोंडानं खालच्या ओळीवर गेलो. आवाज कापला नाही. साहेबांनीच मला शिकवलं होतं, पुरात पाय टाकल्यासारखं न वाचायला. त्या वर्षी मी इंग्रजीत पास झालो.

पुस्तक जूनच्या सुरुवातीला आलं. निळ्या पुठ्ठ्याचं, हातभर दोरीत बांधलेलं. साहेबांनी ते नाकाशी नेलं, वास घेतला, पानांवरून तळवा फिरवला. साळूबाई दारात टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं की ह्यात माझं नाव हाय का. साहेब म्हणाले, पुढच्यात घालतो. मग मला म्हणाले की शेवटची वाच.

मी वाचू लागलो. दहा ओळी झाल्या. अकरावी सुरू झाली आणि त्या पांढऱ्या जागेपाशी मी थांबलो. मला पुढं जाता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं, किंवा मी तो शब्द उच्चारला असता तरी निभावलं असतं. दोन्ही झालं नाही.

"साहेब," मी म्हणालो, "तो शब्द मी लिहिलाच नव्हता."

मी सगळं सांगितलं. पत्रातली ओळही. विहीर, दोर, भाऊ. सांगताना माझं कॉलेजातलं मराठीही सुटलं आणि मी घरच्यासारखा बोलू लागलो, न्हाई आन् व्हय करत.

साहेबांनी विचारलं, "भाऊ कसा आहे?"

"बरा आहे. अजून उतरतो. पाणी लागलं नाही."

त्यांनी मान हलवली. रागावतील, हाकलून देतील, याची मी वाट बघत होतो, आणि ते झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं. पण ते म्हणाले, पुन्हा वाच. पहिल्यापासून. आणि तिथं थांब, आत्ता थांबलास तेवढा.

मी वाचलं. दहाव्या ओळीवर त्यांनी खिशातून बोल्ट काढला. मला वाटलं, मुठीत धरतील. त्यांनी तो चाचपडत माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली. स्वतःचे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मोकळे. मी अकराव्या ओळीत थांबलो.

आणि साहेब तो शब्द बोलले. मोठ्यानं नाही. एखाद्याला हाक मारावी, तो जवळच असावा, तसे.

मग आम्ही वाट बघत बसलो. बाहेर मालगाडी गेली. साळूबाईंना काय चाललंय ते कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं की सायेब, चा टाकू का. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा काही रडवा नव्हता. त्यांनी हो म्हटलं. मी उरलेल्या ओळी वाचल्या की नाही, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी उठलो, चहालाही थांबलो नाही, आणि सायकल काढली.

गावची वाट मी कशी कापली ते ठाऊक नाही. शब्द माझ्यासमोर बोलला गेला होता. मी तिथं होतो, मी त्यासाठी जागा सोडली होती. लोखंड माझ्या हातात होतं. भावाच्या हातात काय होतं? चढाला मी उतरलो नाही, उभ्यानं पायडल मारत गेलो. बोल्ट मुठीत, मूठ सायकलच्या दांडीवर.

मळ्यात पोचलो तर विहिरीच्या काठावर वडील नव्हते. दोर होता. एक टोक खुंट्याला बांधलेलं, दुसरं खाली अंधारात गेलेलं, आणि हलत नव्हतं.

मी काठावर पालथा पडलो आणि त्याचं नाव घेऊन हाक मारली. माझाच आवाज खालून परत आला. पुन्हा मारली. मग काही नाही. मग खाली पहार दगडावर आपटल्याचा एक खणका झाला.

"का रं," भाऊ खालून म्हणाला, "शाळा सुटली का लवकर?"

तो वर बघत असावा. त्याला माझं डोकं तेवढं दिसत असेल, आभाळावर.

"वरडतोस काय असा? काय झालं?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "तू वर ये आधी."

तो कुरकुरत दोराला लागला. मी वरचं टोक खुंट्यापाशी धरलं, दोन्ही हातांनी. तो पूर्ण वर येऊन काठावर बसेपर्यंत सोडलं नाही. मग त्यानं माझी मूठ उघडून बघितली, तर तळव्यात बोल्टाचे झिजलेले आटेसुद्धा उमटले होते.